दात पडला, ओठ फाटला, काटा अडकला: कोकणात वाडीवर राहणाऱ्यांसाठी

शहरात दात पडला तर गल्लीच्या टोकाला दंतवैद्य सापडतो. आपल्याकडे तो तालुक्याच्या बाजारपेठेत असतो आणि दुपारी दवाखाना बंद करून जेवायला गेलेला असतो. तुमच्या वाडीपासून तिथवर पोचायचं तर मध्ये खाडी, घाटी नाहीतर एसटीची वेळ आडवी येतेच. त्यामुळे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जे करायचं ते अंगणात उभ्या असलेल्या माणसालाच करावं लागतं.

मी किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात शिकवतो. पावसात शेवाळलेल्या पाखाड्या (चिऱ्यांच्या पायवाटा), उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या मॅचेस, गोपाळकाल्याची हंडी आणि बारा महिने गडग्यांवरून (दगडी कुंपणांवरून) उड्या, असा पोरांचा कार्यक्रम असतो. रक्ताळलेली तोंडं घेऊन दवाखाना गाठणं हा माझ्या नोकरीचाच भाग झालाय. मी डॉक्टर नाही. पण इथे नव्याने बदली होऊन आलेले शिक्षक, घर घेऊन राहायला आलेली मंडळी आणि न्याहारी-निवासवाले यांना हे आधी माहीत असेल तर धावपळ कमी होईल.

१. आधी माणूस बघा, मग तोंड

मूल मोठ्याने रडतंय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प आणि सुस्त असेल तर जास्त काळजी करा. पुढचं काहीही दिसलं तर दात शोधत बसू नका, थेट १०८ ला फोन लावा: शुद्ध हरपली, उलट्या होताहेत, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय, श्वास घ्यायला त्रास होतोय, जिभेखाली किंवा गळ्यापाशी सूज वाढतेय.

माडावरून, हंडीच्या थरावरून किंवा गाडीवरून पडलेल्याची मान हलवू नका. शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल तर त्याला बसवून पुढे वाकवा, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर येईल. आपल्याकडे नाक असो की तोंड, रक्त दिसलं की डोकं मागे धरायची सवय आहे. ती सोडा. गिळलेल्या रक्ताने उलट्या होतात आणि मग डोक्याला मार आहे की काय या शंकेने सगळेच घाबरतात. तोंडात सैल झालेली कवळी असेल तर काढून ठेवा. मोडली असेल तर तिचे तुकडेही जपून ठेवा.

हनुवटीवर पडलेल्याकडे नीट लक्ष द्या. जखम हनुवटीला दिसते, पण धक्का वर जाऊन जबड्याचं हाड कानापाशी मोडू शकतं. आमच्या एका मुलीच्या हनुवटीला टाके घालून घरी पाठवलं होतं आणि ती ‘दात नीट लागत नाहीत’ म्हणत राहिली. जबडा मोडला होता. म्हणून तिथेच विचारा: दात नेहमीसारखे एकमेकांवर बसतात का? तोंड पूर्ण उघडतं का? खालचा ओठ बधिर वाटतो का? कानापुढे दुखतं का? उत्तर गडबडीचं आलं तर एक्स-रे काढल्याशिवाय परतू नका.

२. रक्त थांबवा

तोंडातलं रक्त थुंकीत मिसळतं, त्यामुळे असतं त्याहून बरंच जास्त दिसतं. स्वच्छ पाण्याने एकदा हलकी चूळ भरू द्या. मग गॉजची किंवा स्वच्छ सुती कापडाची घडी ओली करून जखमेवर दाबून धरा. घड्याळ लावून सलग दहा मिनिटं. दर मिनिटाला उचलून ‘थांबलं का’ बघितलंत तर नुकती धरलेली गुठळी तुम्हीच सोडवता. दहा मिनिटांनी थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं दाबा, आणि दाबलेल्या हातानेच गाडीत बसा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्या माणसाला घरी थांबवून बघू नका.

सूज कमी करायला बर्फ बाहेरून गालाला किंवा ओठाला लावा. जेट्टीवर असलात तर मासळीच्या पेटीतला बर्फ हाताशी असतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर कापड गुंडाळून फक्त बाहेरून वापरा. तोंडात घालायचा नाही. समुद्राच्या पाण्याने चूळ भरण्याचा सल्लाही तिथे हमखास मिळतो, विशेषतः बंदरात. ऐकू नका.

जखमेत हळद, कॉफी पावडर, मशेरी, तंबाखू, चुना यांपैकी काहीही भरू नका. हळदीशी माझं वैर नाही. पण आत माती आहे का, दाताचा तुकडा रुतलाय का, हे डॉक्टरला दिसायला हवं, आणि त्या पिवळ्या चिखलात काही दिसत नाही. दुखतंय म्हणून हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारेही भेटतात. त्याने हिरडी भाजते, आणि पोटात घेतलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वयाला योग्य त्या मात्रेत.

३. अख्खा दात पडला: घड्याळ बघा

“आधी दात खंय पडलो तो बघा!” आमचे शिपाईकाका अशा प्रसंगी हेच ओरडतात आणि ते बरोबर आहे. एकाने जखमेवर दाब धरायचा, बाकीच्यांनी दात शोधायचा.

दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो, कारण खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला त्याने इजा होऊ शकते. वरचे पुढचे पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. सहाच्या आतलं मूल असेल तर बहुधा दुधाचाच. सहा ते बारा या वयात खात्री नसेल तर बसवू नका, दुधात टाका आणि डॉक्टरला दाखवा.

पक्का दात असेल तर हे असं करा:

१. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका. मुळावर एक अगदी पातळ जिवंत पापुद्रा असतो, आणि दात हाडात पुन्हा धरेल की नाही ते त्यावर ठरतं.

२. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा नळाच्या थंड पाण्याखाली काही सेकंद धरा. घासू नका, पुसू नका, साबण नको, डेटॉल नको.

३. माणूस पूर्ण शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथल्या तिथे खाचेत बसवा. खोलगट बाजू जिभेकडे, फुगीर बाजू ओठाकडे. शेजारचा दात बघून दिशा जुळवा, बोटाने हलकेच आत ढकला, मग स्वच्छ रुमालाची घडी चावायला द्या आणि तशीच गाडी पकडा. ऐकायला अघोरी वाटतं, पण दात वाचवायचा याहून चांगला उपाय नाही.

४. धीर झाला नाही, मूल फार घाबरलंय किंवा जबडा मोडल्याची शंका आहे, तर दात दुधात ठेवा. दुकानातली साध्या थंड दुधाची पिशवी उत्तम. दूध नसेल तर ज्याचा दात पडलाय त्याचीच थुंकी छोट्या डबीत घेऊन त्यात ठेवायचा, नाहीतर सलाइनमध्ये. साधं पाणी चांगलं नाही, पण कोरड्यापेक्षा बरं.

शहाळ्याच्या पाण्याबद्दल इथे प्रत्येक जण विचारतो. ते आंबटसर असतं, आणि आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांतल्या यादीत दूध आहे, शहाळं नाही. वाडीत दूध मिळत असताना कोयता शोधत बसू नका.

सगळ्यांत जास्त दात जातात ते रुमालात गुंडाळून खिशात टाकल्याने. मुळावरचा पापुद्रा कोरड्यात भराभर मरतो. अर्ध्या तासाच्या आत दात बसला तर आशा चांगली, तासभर कोरडा राहिला तर फारच कमी. नववीतल्या एका मुलाच्या आईने दात घरी नेऊन काथ्याने आणि साबणाने इतका निगुतीने घासून आणला की तो मोत्यासारखा चमकत होता. दंतवैद्यांनी तो दिव्याखाली फिरवून बघितला, मुळाचा गुळगुळीत भाग तिला दाखवला आणि काहीच न बोलता ट्रेमध्ये ठेवला. उशीर झालेला दातही सोबत न्याच, कारण काही काळ तो जागा धरून ठेवू शकतो आणि ते ठरवणं डॉक्टरचं काम आहे.

दात सापडलाच नाही आणि मूल सारखं खोकतंय, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, तर तो श्वासनलिकेत गेला असेल. छातीचा एक्स-रे लागतो. सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येईलच असं नाही.

४. दात तुटला, हलला किंवा आत गेला

तुटलेला तुकडा दुधात किंवा पाण्यात ठेवून न्या, पुष्कळदा तोच चिकटवता येतो. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडली आहे, त्याच दिवशी दाखवा. दात हिरडीत घुसून आखूड दिसत असेल तर पक्कड लावल्यासारखं ओढू नका. हलणारा दात जिभेने हलवून बघण्याचा मोह मुलांना आवरत नाही. दम द्या.

५. ओठ, जीभ, टाळू

गालाच्या आतली, जिभेवरची बारीक चीर टाक्यांशिवाय भरून येते. तोंडात रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे भरतंही लवकर. टाके लागतात ते असे: चीर ओठाची लाल कड ओलांडून कातडीवर आली असेल, जिभेची कड फाटून दोन भाग वेगळे दिसत असतील, जखम आरपार असेल किंवा दाबूनही वाहत असेल. लाल कडेची रेष जुळवताना केसभर चुकली तरी आयुष्यभर दिसते, म्हणून तिथे घाईने कोणाकडूनही टाके घालून घेऊ नका. त्याच दिवशी, पण हात बसलेल्या माणसाकडे.

दात तुटलाय आणि ओठही फाटलाय, तर टाक्यांआधी एक प्रश्न विचारा: “तुकडा ओठात नाही ना?”

पेन्सिल, टूथब्रश किंवा काठी तोंडात धरून धावताना पडलेल्या मुलाची टाळू छोटीशी टोचलेली दिसते आणि सगळे निर्धास्त होतात. घशाच्या बाजूला मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. वस्तू रुतलेली असेल तर काढू नका. निघाली असली तरी डॉक्टरने बघायलाच हवं.

लाल मातीत, शेणाच्या खळ्यात किंवा रस्त्यावर पडलेल्याला धनुर्वाताची लस लागेल का ते विचारा. मळलेल्या जखमेसाठी शेवटचा डोस पाच वर्षांच्या आतला असावा लागतो. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळते, त्याची नोंद कार्डावर असते.

६. काटा आणि गरी

पाहुण्यांना पहिल्याच दिवशी करली मासळी वाढू नये, हे माझं वैयक्तिक मत. चव अप्रतिम, पण तिचे काटे इथे जन्मलेल्यालाच वेचता येतात.

काटा अडकला की घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई भाताचा सुका गोळा हातावर ठेवते. कधी केळं, कधी आगळाचा (कोकमाच्या रसाचा) घोट. गोळ्याने काटा कधी कधी सुटतो, म्हणून हा उपाय टिकलाय. पण तो खोल रुततो किंवा अन्ननलिकेला इजा करतो तेव्हा प्रकरण दवाखान्याबाहेरचं राहत नाही. त्यापेक्षा खाणं थांबवा. टॉर्च लावून ‘आ’ करायला सांगा. टॉन्सिलवर काट्याचं टोक समोर दिसत असेल तरच चिमट्याने हलकेच धरून काढा. दिसत नसेल तर घशात बोट घालू नका. गिळताना नेमक्या एकाच ठिकाणी टोचत राहिलं, लाळ गिळवत नसेल, रक्त येत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. छातीत दुखलं किंवा श्वासाला त्रास झाला तर १०८. माशाचे बरेच काटे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, तेव्हा ‘एक्स-रे कोरा आहे’ या उत्तरावर दुखणारा घसा घेऊन घरी बसू नका.

दाताच्या फटीतला काटा दोऱ्याने काढा. सेफ्टी पिन नको.

खडकांवर गरवायला गेलेल्यांच्या ओठात किंवा गालात गरी (मासे धरायचा गळ) घुसते. तिला उलटा दात असतो, ओढलीत की मांस फाडत येते. गरीला बांधलेली दोरी वीतभर ठेवून कापा, लोंबणारं टोक गालाला चिकटपट्टीने धरा आणि दवाखाना गाठा. तसलीच दुसरी गरी सोबत न्या, म्हणजे आत किती आणि कसला भाग आहे ते डॉक्टरला कळतं.

७. काजूचा चीक आणि कुत्र्याचा चावा

हंगामात पोरं ओली काजूबी दाताने फोडतात आणि सालातलं तेल ओठाला लागतं. ते तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्याने जात नाही. खोबरेल लावलेल्या कापसाने पुसा, मग साबण-पाण्याने धुवा. ओठ चाटू देऊ नका. जळल्याचे डाग थोड्या वेळाने उठतात. तोंडाच्या आत फोड आले किंवा सूज वाढली तर दाखवा.

कुत्रा, मांजर किंवा माकड तोंडाला चावलं, ओरबाडलं किंवा ओठांच्या आत चाटलं, तर बाहेरची जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, तोंडातून चुळा भरून थुंका. चेहऱ्याचा चावा सर्वांत गंभीर गटात धरतात. रेबीजची लस तर लागतेच, शिवाय जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, म्हणून आधी फोन करा.

८. निघण्यापूर्वी फोन, मगच गाडी

वाडीत रेंज कुठे मिळते ते मांडीवर जखमी मूल घेऊन शोधू नका, आजच बघून ठेवा. १०८ ला सांगताना गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा आणि तालुका, सगळं सांगा. मधलीवाडी आणि गावठण प्रत्येक गावात असतात. एका माणसाला डांबरी रस्त्याच्या फाट्यावर उभा करा. ही रुग्णवाहिका मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर असतो.

रक्त थांबवणं, लस, साधे टाके: जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय.

दात पडला, हलला: जो दंतवैद्य आत्ता दवाखान्यात आहे तो. फोनवर “पक्का दात पडलाय, दुधात ठेवलाय, अर्ध्या तासात येतो” असं म्हणा. “दात दुखतोय” म्हटलंत तर उद्याची वेळ मिळेल.

जबडा, मोठी जखम: उपजिल्हा रुग्णालय (कणकवली, सावंतवाडी, चिपळूणजवळचं कामथे) किंवा अलिबाग, रत्नागिरी, ओरोसची जिल्हा रुग्णालयं. दक्षिण सिंधुदुर्गातून बरेच जण बांबोळीला जातात, तिथे गोवा मेडिकल कॉलेज आणि दंत महाविद्यालय दोन्ही आहेत. उत्तर रत्नागिरीत खेडला दंत महाविद्यालय आहे. जबड्याचा शल्यविशारद आज हजर आहे का हे विचारूनच लांबची गाडी करा.

खाडी ओलांडून जाणार असाल तर फेरीबोटीची शेवटची वेळ माहीत हवी. नाहीतर जेट्टीवरून परत फिरून घाटीचा वळसा पडतो.

९. सोबत काय न्यायचं

- दुधातला दात किंवा तुकडा, घट्ट झाकणाच्या डबीत
- आधार आणि रेशन कार्ड (महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा)
- लसीकरण कार्ड
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या, अ‍ॅलर्जी असेल तर तिचं नाव
- किती वाजता लागलं ते कागदावर लिहून
- जखमेचा फोटो, धुण्याआधीचा आणि नंतरचा

अपघात किंवा मारामारी असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं. “आधी पोलिसांत जाऊन या” असं कोणी म्हणालं तर हलू नका. १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपचार आधी, कागद नंतर हे स्पष्ट केलंय. रस्ते अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांमध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोख न भरता उपचार मिळतात. काउंटरवर तुम्हालाच विचारावं लागेल.

१०. घरी आल्यावर

पहिला दिवस थंड आणि मऊ: गार केलेली पेज, दही, मऊभात. सोलकढी, लिंबू, तिखट काही दिवस बंद, टाक्यांना झोंबतं. शहाळं प्यायला हरकत नाही, पण स्ट्रॉने ओढू नका, गुठळी सुटते. कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा दुसऱ्या दिवसापासून. मऊ ब्रशने दात घासणं चालू ठेवा. ‘दुखतं म्हणून घासलं नाही’ यातूनच पू होतो. तंबाखू आणि मशेरी बंद.

बसवलेल्या दाताला शेजारच्या दातांशी बारीक तारेने बांधतात आणि साधारण दोन आठवड्यांनी ती काढतात. तोवर मऊ खाणं. मोठ्या माणसाच्या दातात याच दोन आठवड्यांत रूट कॅनाल सुरू करावं लागतं. लहान मुलांत मूळ अजून उघडं असेल तर डॉक्टर थांबून बघतात.

तार निघाली, दात घट्ट झाला, की लोक परत जात नाहीत. भातलावणी असते, गणपती असतात. पण मूळ आतल्या आत झिजतं ते न दुखता. चार आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष, या तारखा कालनिर्णयावर लिहून टाका. दात करडा पडला किंवा हिरडीवर पुळी आली तर तारखेची वाट बघू नका.

११. पेटी

गॉज, चिकटपट्टी, हातमोजे, सलाइनची छोटी बाटली, घट्ट झाकणाची डबी, टॉर्च, बोथट चिमटा, पॅरासिटामॉल, कात्री. शाळेत दुधाची टेट्रा पॅक ठेवता येते, फ्रीज लागत नाही. फक्त चॉकलेटची नको आणि दुधाची भुकटीही नको. झाकणाच्या आत १०८ सोबत दोन दंतवैद्यांचे नंबर आणि त्यांच्या दुपारच्या बंद वेळा चिकटवा. पाऊस सुरू होण्याआधी पेटी उघडून बघा. दमट हवेत चिकटपट्टी चिकटत नाही आणि कात्री गंजते.